टावर चौकातला हात

दादा उज्जैनच्या वाहतूक पोलिसात हवालदार होता. टावर चौक हा त्याचा पॉइंट. बदलीचा माणूस आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाही, हा नियम. पण रोज कोणीतरी मोठं महाकालाच्या दर्शनाला यायचं आणि बदलीच्या माणसाला तिकडे पाठवलं जायचं. लघवीला जाता येत नाही म्हणून दादाने पाणी पिणंच कमी केलं होतं. दिवसभरच्या हॉर्नने कान इतके बधिर व्हायचे की घरी जेवतानाही वहिनीचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नसे. अधूनमधून चक्कर यायची. त्याला एवढंच हवं होतं, काही दिवस चौकातून सुटका, ऑफिसातलं बसायचं काम.

उन्हाळ्यात खात्याने तणावमुक्तीचं शिबिर घेतलं. घरच्यांनाही बोलावलं होतं. मी आणि वहिनी मागे बसलो. बाहेरून आलेल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "जिसे भी तकलीफ़ हो, बेझिझक हाथ उठाए."

सगळे शहाणे मांडीवर हात ठेवून बसले. दादाने हात वर केला. तोही सवयीने, गाड्या अडवायचा तसा, कोपर ताठ आणि पंजा उघडा.

साहेब मोठ्याने म्हणाले, "अरे, क्या हाथ है! इसको टावर से हटा दूँ तो शहर को रोकेगा कौन?"

हॉल हसला. बाईंनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. दादाही हसला.

परतताना वहिनी म्हणाली, "कशाला वर केलात हात?"

"त्यांनी विचारलं ना गं."

ड्यूटी तीच राहिली. फक्त सोबतचे त्याला 'हाथ साहब' म्हणायला लागले.

त्याच उन्हाळ्यात तो चौकात कोसळला. समोरच्या ज्यूसवाल्याने मला नंतर सांगितलं. दादाचा हात वर होता तोवर गाड्या थांबल्या होत्या. तो पडला तशा सुटल्या, आणि त्याला वळसा घालून गेल्या.

फ्रीगंजमधल्या आमच्या घरून दादाची अंत्ययात्रा निघाली ती टावर चौकात अडवली गेली. कोणीतरी मोठं दर्शनाला चाललं होतं. दादाने प्रेतयात्रा कधीच अडवली नव्हती, त्यापायी साहेबांची बोलणीही खाल्ली होती. आज पॉइंटवर त्याचा दोस्त होता, शिबिरात त्याच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेला.

"भैया, बस दो मिनट," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

खांद्यावर दादाला घेऊन आम्ही उन्हात उभे राहिलो. ताफा गेला. मागून मामा ओरडले, "अरे, अब तो जाने दे!"

त्याने हात खाली घेतला नाही. ताफ्यातली एक गाडी मागे राहिली होती.