लाईट गेली, पण कार्डाचा पंखा फिरत राहिला

इथले गूढ अनुभव वाचून खाली कमेंटमध्ये खुसपटं काढणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या घरात अंगारा नाही, धुपारा नाही. वडील बुद्धविहारात अंधश्रद्धेवर तासतास बोलायचे आणि मी पुलगावला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

आमची ही, म्हणजे माझी बायको मित्रा, पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहे. घरी तिला एकच नाद. लोकांनी टाकून दिलेली जुनी मशीन उघडायची आणि कंपनीने ज्याची सोयच केली नाही ते काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. मी तिला भंगारवाली म्हणून चिडवतो; पण खरं सांगतो, तिचे हात चालत असले की मी बघत बसतो.

गेल्या मे महिन्यात आमची मुलगी सुजाता आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचं काम घेऊन नागपूरहून घरी आली होती. संध्याकाळी पाचपर्यंत इमारतीची चित्रं कॉलेजच्या साइटवर चढवायची, नाहीतर वर्ष गेलं. आणि सकाळीच तिचा लॅपटॉप बंद पडला. फाइल्स पेनड्राइव्हवर होत्या, पण अशी चित्रं बनवायला ग्राफिक्स कार्ड लागतं. घरात होता फक्त हिचा जुनाट लॅपटॉप, आणि त्यात असलं कार्ड लावायला जागाच नसते.

"जागा हाये," ही म्हणाली.

तिने लॅपटॉप पालथा घातला, वायफायचं छोटंसं कार्ड काढलं आणि त्या फटीत चपटी केबल खोचली. केबलच्या दुसऱ्या टोकाला डेस्कटॉपचं जाडजूड, स्वतःचा पंखा असलेलं ग्राफिक्स कार्ड. त्याला वीज वेगळ्या पॉवर सप्लायमधून, आणि तो भिंतीवरच्या प्लगात. सगळा पसारा टेबलावर उघडा. आधी लॅपटॉप कार्ड ओळखेचना. मग तिने केबल बोटाने जरा दाबली आणि काम सुरू झालं. मला मनापासून अभिमान वाटला.

"आई, हे जमलं कसं?"

"वाट अरुंद हाये, पण रस्ता तोच हाये. तू तुहं काम कर."

दुपार कलली. शेवटचं मोठं चित्र तयार होत होतं आणि लाईट गेली. कूलर घरघरत थांबला. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालला असता, पण कार्डाची वीज गेली की तोही जागीच अडकतो, हे हिनेच मला सांगितलं होतं. संपलं सगळं, असं वाटलं. पण कूलर थांबल्यावर खोली शांत झाली, आणि त्या शांततेत बारीक आवाज येत होता — कार्डाचा पंखा फिरत होता.

मी वाकून पाहिलं. पॉवर सप्लायचा स्वतःचा पंखा बंद. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज डोळ्याची पापणी लवेपर्यंतच पुरते. वायफायच्या फटीत जेमतेम तीन व्होल्ट. नुसत्या त्या पंख्याला बारा लागतात, कार्डाचं तर सोडाच. आणि स्क्रीनवर चित्र भरत चाललं होतं. सुजाता हेडफोन लावून त्याच्याकडे टक लावून बसली होती, ही तिच्या मागे उभी होती. मी तोंड उघडणार होतो... आणि गप्प राहिलो. बोललो तर ते थांबेल, अशी भीती वाटली. मला, फिजिक्सच्या मास्तराला!

चित्र पूर्ण झालं. सुजाताने मोबाइल केबलने जोडून त्याच्या नेटवरून ते साइटवर चढवलं, "झालं" म्हणत हेडफोन काढले. त्यानंतर पंखा थांबला. लाईट बऱ्याच वेळाने आली.

चहा पिताना मी हिला सांगितलं.

"मले दिसलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही काऊन नाई बोलले?"

दुसऱ्या दिवशी मी तोच पसारा पुन्हा मांडला आणि मुद्दाम प्लग उपसला. लॅपटॉप तिथल्या तिथे अडकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. केबल तपासली, सप्लाय उघडून पाहिला, कॉलेजातल्या सहकाऱ्यांशी वाद घालून झाले. कारण मला आजही सापडलेलं नाही.

ही दारात उभी राहून माझा खटाटोप बघत होती.

"काऊन त्याची परीक्षा घेऊन राह्यले?" ती म्हणाली. "आज आपल्या पोरीचं काही अडलं हाये का?"