निजलेल्या माणसाची भीती

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या छातीत काही नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. सिंदीहून पॅसेंजरनं वर्ध्याच्या दवाखान्यात येताना, आपल्याला क्षय झालाय हे ऐकायची मी तयारी करून आले होते.

"मंग छाती काऊन धडधडते? हात काऊन कापते?"

"भीतीनं. याला आम्ही अँग्झायटी न्यूरोसिस म्हणतो. मनाला बसलेला धसका उतरत नाही आणि शरीर त्याच्यामागं धावत सुटतं. तुम्हाला भीती कशाची वाटते?"

सोबत आलेल्या सासूबाईच आधी बोलल्या. "निजलेल्या माणसाची. घरात कोणाले झोपू देत नाई ही, डॉक्टरसाहेब."

खरं होतं ते.

सत्तावन्न सालचा फ्लू आमच्या गावातही शिरला. मी शिकवायचे ती शाळा बंद झाली. घरोघरी माणसं तापानं फणफणलेली. आमच्याकडे आधी हे पडले, मग आमची सहा वर्षांची शालू, मग मी. आम्ही उठलो. शेवटी माझी धाकटी जाऊ सुमन पडली. तिला न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसाला सूज आली. भावजींनी डॉक्टर आणला, सुया टोचून झाल्या. एका दुपारी ताप उतरला. ती थोडी पेजही प्यायली. म्हणाली, "वैनी, आता झोप येऊन राह्यली."

मी तिच्याजवळ तांदूळ निवडत बसले. येईल त्याला दारातूनच परत लावत होते, निजू द्या म्हणून. भावजी चहा घेऊन आले, तिला हाक मारली, तेव्हा कळलं. ती केव्हाच गेली होती.

रडायला उसंत नव्हती. शेजारच्या घरातही माणसं तापात होती, त्यांना पाणी द्यायला कोणी नव्हतं.

साथ ओसरली, शाळा उघडली, आणि माझं सुरू झालं. हे जेवून आडवे झाले की मी त्यांच्या नाकाशी हात धरायची. हाताला श्वास जाणवला तरी खात्री पटेना. हलवून उठवायची. शालूला तर गालावर चापट्या मारून. वर्गात एखाद्या पोरानं गुडघ्यावर डोकं टेकलं तरी माझ्या हातातला खडू पडायचा. बसले की उठावं, उठले की घराकडे पळावं.

"माय, मले झोपू दे ना व," शालू रडायची.

"सुमन गेली," सासूबाई वैतागून म्हणायच्या, "आता आम्हाले जागवून जागवून मारतं का व?"

थंडीत एका दुपारी शालू दिसेना. विहीर पाहिली, स्टेशन पाहिलं. शेवटी सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातला एक हमाल तिला उचलून घेऊन आला. कापसाच्या गंजीत खळगा करून पोर आत निजली होती. वरून आणखी एक गाडी रिती होणार होती. हमालाला तिचा पाय दिसला म्हणून वाचली.

"तिथं काऊन गेलती तू?"

"तिथं तू उठवाले येत नाई," ती म्हणाली.

त्यानंतरच सासूबाईंनी मला वर्ध्याच्या गाडीत बसवलं होतं.

डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं, मन शांत करणारं, चवीला खारट. म्हणाले, "खरं औषध बाटलीत नाही. निजलेल्या माणसाजवळ रोज बसायचं. हात लावायचा नाही. भीती चढेल. चढते तशी ती उतरतेही, हे तुमच्या अंगाला कळू द्या."

माझ्यासमोर निजायला आता कोण तयार होणार?

"मी निजतो," सासूबाई म्हणाल्या.

ओसरीवर त्यांची खाट टाकली. मी हात मांडीखाली दाबून बसले. छातीत घण पडायला लागले, आणि मी त्यांना गदागदा हलवलंच.

"जित्ती आहो मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा बस." आणि कूस बदलून निजल्या.

असे कितीतरी दिवस गेले. कधी मी टिकायची, कधी चुलीचं निमित्त काढून उठून जायची. एका दुपारी त्यांचं घोरणं मध्येच थांबलं. माझा हात सुटला, हवेतच थांबला. मी पाहत राहिले. मग छाती पुन्हा वर आली. आणि मला जे रडू फुटलं, ते सुमनचं होतं. इतके महिने आत अडकलेलं.

सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. "रड व. मीबी नाई रडलो अजून." मग आम्ही दोघी रडलो.

तुमच्या घरात साथ येऊन गेल्यावर कोणी असं वागत असेल, तर त्याला वेडं ठरवू नका. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण जिची एक सून नुकती गेली, ती म्हातारी दुसरीसाठी रोज दुपारी मुकाट खाटेवर आडवी होत होती. ते ऋण फिटायचं नाही.

भीती पुरती गेली, असं मी म्हणणार नाही. शालू निजली की दाराशी माझा पाय अजून अडतो. श्वासासरशी पांघरूण हलताना दिसतं. मग मी कामाला लागते.