काकूंचा स्कर्ट आणि लखनौचा वारा

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंइतका वाऱ्याशी वैर धरलेला माणूस अख्ख्या उत्तर प्रदेशात दुसरा नसेल. काकू मूळच्या सांगलीच्या, लखनौच्या एका संशोधन संस्थेत बियांवर काम करायच्या. एरवी शांत बाई. पण वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की संस्थेत सायकलवरून जायचं आणि तेही स्कर्ट घालून. माझी आई म्हणाली, "अहो, सलवार घाला ना, कोण अडवतंय?" तेव्हा काकूंनी जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही. नववीत असताना घरच्यांनी एकाच आठवड्यात त्यांचा स्कर्ट धाकट्या बहिणीला दिला आणि सायकल भावाला. "दोन्ही एकदम गेलं, तर परत एकच का घेऊ?" आईने चहा टाकला.

पहिल्या दिवशी वाऱ्याने काकूंची भर चौकात फजिती केली. मग त्यांनी हा विषय प्रयोगशाळेच्या शिस्तीने हाती घेतला. वहीत रोजची नोंद: वाऱ्याची दिशा, सायकलचा वेग, आणि शेवटच्या रकान्यात 'गुडघादर्शन: दोनदा'. मी तेव्हा अकरावीत होते, मागून माझ्या सायकलवर येऊन निरीक्षण करायचं काम माझ्याकडे होतं. "काकू, पीछे से उड़ रहा है!" असं मी ओरडले, की त्या डाव्या हाताने स्कर्ट धरायच्या आणि उजवीकडच्या सब्जीच्या ठेल्यात शिरायच्या.

पुढे त्यांनी स्कर्टच्या घेराला वजन द्यायचं ठरवलं. निशातगंजच्या शिंपी मास्टरजींसमोर त्यांनी पिशवीभर लोखंडी नट ओतले आणि ते खालच्या पट्टीत शिवून मागितले. मास्टरजींनी चष्मा पुसला. "बहनजी, सिल तो दूँगा, मगर इसे पहनकर नदी के पास मत जाइएगा." स्कर्ट जागचा हलेना हे खरं, पण पायडल मारताना त्याचा असा खणखणाट व्हायचा, की बकऱ्या आल्या समजून लोक दारातल्या कुंड्या उचलायचे. नटांनी दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या केल्यावर काकू कपड्यांच्या चिमट्यांकडे वळल्या. चिमटे उत्तम चालले. फक्त एकदा ते काढायचे राहिले आणि घेराला रंगीत चिमटे लावूनच त्यांनी तासभर व्याख्यान दिलं. समोरची मंडळी लखनवी, कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी एका वृद्ध प्राध्यापकांनी अदबीने विचारलं, "मॅडम, सूख गया हो तो उतार दें?"

अखेर युक्ती सापडली. मागचा घेर पायांमधून पुढे ओढायचा, पुढच्या घेराला जुळवून आत रुपयाचं नाणं धरायचं आणि वरून रबरबँड आवळायचा. काकू हर्षवायू झाल्यासारख्या घरभर फिरत होत्या, तेवढ्यात सांगलीहून सासूबाई आल्या, महिनाभरासाठी. झालं! स्कर्ट कपाटात गेला, सायकल जिन्याखाली. चार दिवस काकू साडी नेसून रिक्षाने गेल्या आणि घरी आल्यावर कुणाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी या आजींनी स्वतःच कपाट उघडलं. "हे काय गं?" काकूंनी घाबरत घाबरत स्कर्ट घालून, नाणं लावून दाखवलं. नऊवारीतल्या आजींनी वाकून पाहिलं. "अगं, हा कासोटाच की. पण लावलायस उलटा." म्हणजे सहा महिन्यांच्या संशोधनातून काकूंनी सासूबाईंच्या रोजच्या नेसण्याचा शोध लावला होता, आणि तोही चुकीचा! आजींनी पुढचा घेर मागे नेला, कमरेला घट्ट खोचला आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा आता." त्या दिवशी काकू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आलमबागपर्यंत जाऊन आल्या, काहीही काम नसताना.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सात-आठ वर्षं त्या रोज तशाच गेल्या. मग सांगलीला परतल्या. गेल्या-गेल्याच आजी वारल्या. दोन वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा दारात सायकल दिसली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाच्याला दिली. इथं सगळे ओळखतात गं. तिथं मी परकी होते, म्हणून जमलं." वाऱ्याला, नटांना, अख्ख्या निशातगंजला न बधलेली ही बाई गल्लीतल्या चार ओळखीच्या खिडक्यांना भ्यायली होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काकू, उद्या सकाळी भाड्याने दोन सायकली घेऊ. मीही स्कर्ट घालते, बरोबर येते."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तू पाहुणी. तू उद्या जाशील."

आणि दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले.