आण्णा एकटे परत आले

आमच्या गावचे पोलीस पाटील आण्णा कधीच कुणाच्या दाराची कडी वाजवत नसत. रस्त्यात उभे राहून घरातल्या बाईच्या नावानं अशी हाळी देत, की गोठ्यातल्या म्हशींनी माना वर कराव्यात. काय काम आहे तेही तिथूनच सांगत. कुणाला साक्षीला बोलावलंय, कुणाची चोरीला गेलेली मोटारसायकल सापडलीय, सगळी आळी ऐकायची. आई एकदा वैतागून म्हणाली, जरा हळू सांगत जावा की. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, पोलिसाचं काम गुपचूप केलं की माणसं भित्यात. वरडून सांगितलं की हसत्यात. हसू द्या की."

पोलीस पाटलाला ना वर्दी, ना काठी. गावात काही झालं तर ठाण्याला कळवायचं आणि ठाण्याचं काही असलं तर गावाला सांगायचं, एवढंच ते काम. आण्णांचे आजोबा वतनदार पाटील होते. वतन गेलं, मग सरकारनं वडिलांना नेमलं आणि वडिलांमागून आण्णांना. आजोबांच्या वेळी फौजदार घोड्यावरून यायचा आणि तो वेशीत शिरला की गावातली दारं बंद व्हायची, असं ते सांगत. "ती दारं उघडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या," हे वाक्य तर त्यांनी मला पन्नासदा तरी ऐकवलं असेल. बढाई मारायची खोड त्यांना होतीच.

भांडणं मिटवायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन निघाले. आण्णांनी दोघांना आपल्या अंगणात आणून बसवलं आणि म्हणाले, "आधी मला धार काढू द्या, मग तुम्ही भांडा." आणि ते खरोखरच बादली घेऊन गोठ्यात गेले. दोन म्हशींची धार निघेपर्यंत थोरला धाकट्याला विचारत होता, की तुझी पाडी अजून गाभण कशी राहत नाही. बांधाचा वाद काही तिथं मिटला नाही, पण कुऱ्हाडी त्या दिवशी आण्णांच्याच गोठ्यात राहिल्या. जगातली निम्मी भांडणं भुकेची असतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

ठाण्यात कुणाला हजर करायचं असलं, तर ते जीप गावात येऊ देत नसत. धुतलेला सदरा घालायचे, टोपी सारखी करायचे आणि त्या माणसाला स्वतः एसटीनं घेऊन जायचे. निघताना त्याच्या आईला किंवा बायकोला एकच वाक्य सांगायचे. "माझ्यासंगं जातंय, माझ्यासंगंच येतंय." ठाण्यातले जुने हवालदार या वाक्याचा मान ठेवत. चौकशी व्हायची, एखादी कानउघाडणी व्हायची आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत. त्या वाक्यावर आमच्या गावातल्या बायका निर्धास्त भाकरी थापत बसायच्या. आमची आईसुद्धा.

माझा धाकटा भाऊ संदीप तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते आणि घरातली सारी आशा त्याच्या पायांवर होती. रोज सकाळी तो मलकापूरच्या रस्त्यानं धावायचा आणि आण्णा मैलाच्या दगडावर बसून घड्याळ बघायचे. भरतीचा अर्जही त्यांनीच आणून दिला होता. त्यांना दोन्ही मुलीच, त्यामुळं संदीपवर त्यांचा जरा जास्तच जीव होता. "आमच्या गावचा पोरगा वर्दीत ठाण्यात बसला, की माझं काम संपलं," असं ते म्हणायचे.

त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत साऊंडवरून शेजारच्या गावाशी मारामारी झाली. दगड आले आणि एका शिपायाचं डोकं फुटलं. मोबाइलवरच्या व्हिडिओत नुसती धूळ आणि पाठी दिसत होत्या. कुणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. ठाण्यात नुकतेच नवे साहेब आले होते. त्यांनी आण्णांना एवढंच विचारलं, की तुमच्या गावची पोरं कोण होती. आण्णांना चौघं ठाऊक होते. त्यांत संदीप होता, पण तो मित्राला मागं ओढत होता, हे आण्णांनी स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारासमोर उभे राहिले आणि नेहमीसारखं ओरडले. आई घाबरली. मीही बाहेर येऊन म्हटलं, की नावं ठाण्याला माहीत नाहीत तर आपण होऊन कशाला सांगायची. आण्णा हसले. खरं सांगितलं की सुटतं, लपवलं की चिकटतं, असं म्हणाले. मग आईकडं वळून ते नेहमीचं वाक्य बोलले आणि चौघांना घेऊन गेले.

संध्याकाळच्या एसटीतून आण्णा एकटे उतरले.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि चौघांची नावं संगणकात घातली. सरकारी कामात अडथळा आणि मारहाण. आण्णा सांगत राहिले, की संदीप फक्त मित्राला आवरत होता. ते कोर्टात सांगा, असं उत्तर मिळालं. जामीन दोन दिवसांनी झाला, पण भरतीला चारित्र्याची पडताळणी लागते आणि संदीपच्या नावापुढं आता गुन्हा होता. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा दोन्ही तो आधीच पास झाला होता. तो नंतर धावायला गेलाच नाही.

चूक साहेबांची होती, व्यवस्थेची होती, हे आज मला कळतं. तेव्हा माझ्यासमोर फक्त आण्णा होते. ते घरी आले तेव्हा मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "आण्णा, पुन्हा आमच्या दारात येऊ नका." आई मला आवरत होती. आण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते गेले.

खटला चार वर्षं चालला. प्रत्येक तारखेला आण्णा हजर असत. साक्ष देताना त्यांनी सांगितलं, की या पोराला मीच आणलं, आणि याचा काही दोष नव्हता. संदीप निर्दोष सुटला, पण तोवर वयाची अट उलटून गेली होती. निकालाची नक्कल घेऊन आण्णा आले तेव्हा ते न ओरडता रस्त्यातच उन्हात उभे राहिले. आईचं लक्ष गेलं तेव्हा तिनं आत बोलावलं. "नको वहिनी, पोरीनं सांगितलंय," असं म्हणून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. मी आत, दाराच्या मागंच होते. चार पावलांचं अंतर होतं, पण मी बाहेर गेले नाही.

पुढं माझं लग्न होऊन मी जयसिंगपूरला आले. आण्णांनी पोलीस पाटीलकी सोडली. आता ठाण्याचे निरोप फोनवर येतात आणि ज्याचे त्यालाच कळतात.

गेल्या महिन्यात आण्णा वारले. मला निरोप उशिरा मिळाला आणि मी पोहोचले ती रक्षाविसर्जनाला. एसटीतून उतरले तर संदीप न्यायला आला होता. त्यानं डोकं भादरलं होतं. अग्नी आण्णांच्या पुतण्यानं दिला होता, मग तू का भादरलंस, असं मी त्याला विचारलं.

तो दूधसंघाची गाडी चालवतो. दुपारी गाडी लावली की रोज आण्णांकडं जाऊन बसायचा, असं त्यानं सांगितलं. कधीपासून, असं विचारल्यावर म्हणाला, जामीन झाला त्या आठवड्यापासून. आईलाही माहीत होतं. घरात फक्त मला माहीत नव्हतं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"आण्णाच नको म्हणायचं, अक्का. म्हणायचं, ती रागावलीया ते बरोबर हाय. तुमच्या घरातल्या एकानं तरी माझ्यावर रागवायला पायजे की."

आम्ही नदीकडं चालत गेलो. संदीप पुढं, मी मागं. खरं तर माझा राग लग्नाआधीच विरला होता. बोलून बसलेला शब्द मागं कसा घ्यायचा, तेवढं मला कळत नव्हतं. आणि तो शब्द आण्णा मरेपर्यंत पाळत राहिले.