इश्रत खालाच्या भिंती

मी गिलाव्याचं काम करतो, चाळीस वर्षं झाली. आणि खरं सांगतो, या धंद्याची मला आता शिसारी आली आहे. घर विकायचं ठरलं की लोक मला बोलावतात. कशाला, तर ओल आलेल्या भिंतीवर कागद डकवायला, तडा गेला असेल तिथे पातळ हात फिरवून तो महिनाभर झाकायला. गिऱ्हाइकाला मग संध्याकाळी आणायचं, सगळे दिवे लावून, मोरीत अत्तर शिंपडून. थू! हे सगळं मी केलेलं आहे, पैसे घेऊन केलेलं आहे. त्यामुळे इश्रत खालाची गोष्ट मी काही स्वच्छ तोंडानं सांगत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

इश्रत खाला आमच्या मोहल्ल्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं सुई टोचायला होती. आमच्या भागात चाळिशी-पन्नाशीचा एकही माणूस असा नसेल, ज्याचा दंड तिनं धरलेला नाही. दवाखाना बंद झाल्यावर लोक पोरांना घेऊन तिच्या घरी जायचे. आतल्या खोलीत एक कोनाडा होता, त्यात स्टोव्ह ठेवून ती सुया उकळायची. बाकीच्या बाया पोरांना फसवायच्या, तिकडे चिमणी बघ, काही दुखत नाही, आणि खुपसायच्या. खाला तसं कधी करत नसे. ती डोळ्यांत बघून म्हणायची, "दुखेल. पण एवढंसंच दुखेल." आणि खरोखर तेवढंच दुखायचं. मी सात वर्षांचा असताना मला कुत्रं चावलं, तेव्हाच्या सगळ्या सुया तिच्याच हातच्या. रोज जायचो आणि रोज ती तेच सांगायची. रडायचो, पण जायला घाबरलो नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा सफदर बस चालवायचा, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. आमच्या कझवीन शहरात हिवाळ्यात गच्चीवरचं बर्फ फावड्यानं ओढून टाकावं लागतं, नाहीतर छत बसतं. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, शिडी चढवेना. तेव्हा तिनं ठरवलं की घर विकायचं आणि दूर रश्त शहरात बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या.

आता, आमच्याकडे जुनं घर विकायला काढलं की दलाल त्याला एकच नाव देतात, कुदळीचं घर. म्हणजे किंमत जमिनीची. वरचं घर हा कचरा, तो उचलायचा खर्चही तुमच्याच भावातून कापतात. मग बिल्डर येतो, वेल उपटतो, हौद बुजवतो आणि सहा मजले ठोकतो. आमच्या गल्लीतली अकरा घरं अशी गेली. खालाला तेच नको होतं. तिचं म्हणणं साधं होतं. घर उभं राहिलं पाहिजे, त्यात कोणाची तरी पोरं वाढली पाहिजेत, भाव चार पैसे कमी आला तरी चालेल. आणि कोणी त्याला कुदळीचं म्हणू नये, म्हणून विकायच्या आधी ती ते दगडापासून गच्चीपर्यंत नीट करून घेणार होती.

सगळे हसले. पुतण्यानं फोनवर सांगितलं की काकूचं डोकं फिरलंय. दबीरी म्हणून आमच्या नाक्यावरचा दलाल आहे, अंगठ्या घालून दिवसभर दातांनी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला. तो तर तिच्या अंगणात उभा राहून, माझ्यासमोर म्हणाला, "खानम, प्रेताला पावडर कशाला लावताय?"

खाला झाडूची काडी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रेतालासुद्धा आंघोळ घालून पाठवतात, दबीरी. आणि हे तर अजून जिवंत आहे."

काम मला दिलं. पहिल्या दिवशी मी सवयीनं बोलून गेलो की आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आहे, तिथे कपाट सरकवलं तर दिसणार नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा कुत्रं चावल्यासारखं झालं. म्हणाली, ओल कुठून येते ते शोध. शोधली. हौदाची तळफरशी फुटली होती, पाणी भिंतीखाली जात होतं. हौद रिकामा केला, तळ नव्याने बांधला, भिंत विटेपर्यंत सोलली, महिनाभर सुकू दिली. गच्चीवर माती-भुशाचा जुना थर काढून नवा घातला. खिडक्यांच्या चौकटी उतरवून रंधा मारला.

गिलाव्याचा शेवटचा हात आमच्याकडे मारलेल्या जिप्समचा देतात. जिप्सम पाण्यात पडला की लगेच घट्ट व्हायला लागतो. त्याला घट्ट होऊ द्यायचं नाही. हातानं सारखं, न थांबता ढवळत राहायचं, त्याचा हट्ट संपून तो लोण्यासारखा होईपर्यंत. यालाच मारणं म्हणतात. मग तो सावकाश वाळतो आणि असा धरतो की भिंतीचंच अंग होतो. आता कोणी करत नाही, तयार पोती मिळतात. खालानं पोत्याला हात लावू दिला नाही. ढवळायला माणूस मिळेना तर स्वतः बसली. गुडघे पसरून, बाही वर करून, परातीत हात घालून. एकतीस वर्षांत ज्या हाताची सुई हलली नाही, तो हात पाच दिवस ढवळत होता. बोटांची सालं निघाली, त्यावर ती मेंढीची चरबी चोळायची आणि पुन्हा बसायची. मी भिंतीवर, ती परातीवर. सबंध आयुष्यात मी एवढं चांगलं काम केलेलं नाही.

घर झालं. दुपारी, सगळे दिवे बंद करून बघावं असं झालं. गिऱ्हाइकं आली ती बिल्डरच. एकामागून एक चार. त्यातला इंजिनियर तवक्कुली सगळ्यात जास्त भाव द्यायला तयार होता. त्यानं भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, अंगणात पावलं टाकून लांबी मोजली. खालानं त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

नवरोजच्या तीन आठवडे आधी दबीरी एक जोडपं घेऊन आला. फरहंग आणि मीनू. मीनू स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडून बघितली, वेलाला द्राक्षं कोणत्या महिन्यात येतात ते विचारलं. फरहंगनं गिलाव्यावरून हात फिरवला. आणि दुसऱ्या खेपेला ती दोघं आरसा आणि कुराण घेऊनच आली. आमच्यात नव्या घरात पहिल्यांदा तेच नेतात. राहायला जाणारा माणूस नेतो, पाडायला जाणारा नेत नाही. मीनूनं आरसा त्या सुयांच्या कोनाड्यात ठेवला, कुराणाचं चुंबन घेतलं. खालाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाव कमी होता, तरी तिनं तिथल्या तिथे हो म्हटलं.

मी दारात थापी पुसत उभा होतो. आणि मी फरहंगला ओळखलं. तवक्कुलीच्या साइटवर मी दोन महिने काम केलं होतं. हा तिथला मुकादम, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून कढईत अंडं-टोमॅटो खाणारा. त्यानंही मला ओळखलं. दबीरीनं माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला, बाहेर नेलं, आणि म्हणाला की इंजिनियर साहेबांना माझं काम आवडलंय, इथे उठणाऱ्या सहाही मजल्यांचा गिलावा माझाच. दोन हिवाळे मी रिकामा बसलो होतो. कुराणावर ओठ टेकवून खोटं बोलणाऱ्या बाईची किळस येते म्हणून मी पचकन थुंकलो, आणि थुंकून झाल्यावर मान डोलावली.

मूग गिळून गप्प बसलो असतो, तर निदान तेवढंच पाप. पण खालानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा ओतता ओतता विचारलं, "नेमत, तू दहा ठिकाणी फिरतोस, तुला माणसं कळतात. राहतील ना रे ही इथे?"

मी म्हणालो, "राहतील, खाला. का नाही राहणार?"

तिनं माझ्या पेल्यात दोन खडीसाखरेच्या काड्या टाकल्या.

नवरोजला तिनं नेहमीसारखे गहू भिजवून ताटलीत हिरवे कोंब उगवले होते. ते नव्या माणसांसाठी कोनाड्यात, आरशासमोर ठेवले, किल्ली दिली आणि रश्तला गेली. तेरा दिवसांची सुट्टी संपली. चौदाव्या दिवशी सकाळी कुदळी आल्या.

मलाही बोलावलं होतं. दारं-खिडक्या न फोडता उतरवायच्या, त्या विकल्या जातात. त्या मीच रंधा मारलेल्या चौकटी. मी उतरवत होतो. आतल्या खोलीत दोन मजूर भिंत पाडत होते आणि शिव्या देत होते, कारण गिलावा निघत नव्हता. वीट फुटायची, पण गिलावा तसाच तिला धरून. एकानं विचारलं, कोणत्या गाढवानं लावलाय हा? मी चौकटीचे खिळे उपसत राहिलो. कोनाड्यात ते कोंब पिवळे पडले होते, आरसा केव्हाच नेला होता.

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलेलं दिसलं. बाहेर दार उरलंच नव्हतं, चौकटीचं भोक होतं, त्यात इश्रत खाला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पहाटेच्या बसनं आली होती. मोरीच्या दाराची कडी तेवढी बसवायची राहिली होती. मीनूला कबूल केलं होतं म्हणून नवी कडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली होती.

मजूर थांबले. ती आत आली, धुळीतून, एकेक पाऊल बघून टाकत. अर्ध्या पडलेल्या भिंतीवर तळहात ठेवला. सालं निघालेल्या बोटांवर अजून गुलाबी कातडी होती.

"काम चांगलं केलंस, नेमत," ती म्हणाली. "बघ, सुटता सुटत नाहीये."

मी हातातली चौकट खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं, दबीरीचं नाव घ्यायला हवं होतं, दोन रिकाम्या हिवाळ्यांचं सांगायला हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, ती उतरवलेली दारं भिंतीला टेकवून ओळीत लावलेली बघितली, आणि तिला सगळं कळलं. मला विचारायचीही गरज पडली नाही.

पिशवीतली कडी काढून तिनं माझ्या हातात दिली. मग माझा दंड धरला, तिथेच, जिथे लहानपणी धरायची.

"मी तुला कधी 'दुखणार नाही' म्हटलं होतं का रे?" तिनं विचारलं.

उत्तराला ती थांबली नाही. बस अकरा वाजता होती.