गाल लावून बघा

१९९६ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पुढे बैल चारायला गेलो. पण लाकडातलं मला कुणी शिकवू नये, हे तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

सुरतेत नवागामात आमची खोली. आजूबाजूला सगळे लूमवर जाणारे खान्देशी, सुतार मी एकटाच. त्या डिसेंबरात चर्चचे एक मास्तर दारात आले. मूळ जालन्याकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. नाताळाचा देखावा दरवर्षी तेच मांडायचे. म्हणाले, "मिस्त्री, बाळ येशूला ठेवायला गव्हाण करून द्या." सोबत एक चित्र होतं.

चित्र बघून मला हसू आलं. कैचीसारखे पाय, त्यावर तिरप्या फळ्या, सगळं चंदेरी.

"मास्तर, ज्यानं हे काढलं त्याच्या घरी गुरं नव्हती. बैलानं तोंड घातलं की हे उलटलंच."

"आमचा बैल पुठ्ठ्याचा आहे हो!"

"असू द्या. गव्हाण तरी खरी असू द्या."

मास्तर हसले. "करा तुम्हाला जमेल तसं," म्हणाले. तिथंच फसले.

चलथाणच्या साखर कारखान्यावर थंडीत आमच्याकडचे ऊसतोडीवाले बैलगाड्या घेऊन येतात. तिथून एका मोडक्या गाडीच्या बाभळीच्या फळ्या आणल्या. सकाळी ऊन अंगणात आलं की अंगावर शाल घेऊन बसायचो, दहा वाजता शाल बाजूला. सात दिवस घातले. माझा बाप गावात गव्हाणी करायचा. तो खिळा मारत नसे. खिळा वर येतो, बैलाचा ओठ फाडतो. म्हणून एका फळीची जीभ दुसऱ्या फळीच्या भोकात बसवायची आणि वरून बांबूची खुंटी ठोकायची. काठ गोल करायचा, मान घासू नये म्हणून. काठ झाला का, हे हातानं बघायची सोय नव्हती. बाप ओरडायचा, "सुतारना हात मरेल ऱ्हास. गाल लाव, गाल!" सुताराच्या हाताला घट्टे असतात, त्याला लाकडाची कूस, बारीक कुसळ, कळत नाही. गालाला कळते.

तर मी अंगणात गुडघ्यावर बसून काठाला गाल लावत होतो. बायको म्हणाली, "घरमा बकरी नई, नि गव्हाण करी राह्यनात!"

"तू शे ना बकरी," मी म्हणालो. त्या दिवशी दुपारचा चहा मिळाला नाही.

नाताळाला तीन दिवस असताना, दुपारी, मास्तर बघायला आले. काळपट लाकूड, बाहेरून वाकसानं तासल्याचे घाव तसेच. त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, हे तर गोठ्यातलं दिसतंय."

"मग तुमचा देव कुठं जन्मला?"

"अहो, सणाला लोक येतात. निदान चंदेरी रंग मारा."

"जनावर रंग चाटतं. गव्हाणीला रंग लावत नसतात."

"पुठ्ठ्याचं आहे म्हटलं ना जनावर!"

"आणि बाळ? तेही पुठ्ठ्याचं धरून करू का?"

मास्तर लाल झाले. पिशवीतून रंगाचा डबा काढून ओट्यावर आपटला. "उधन्याच्या फर्निचरवाल्याकडून प्लायवूडची आणून ठेवलीय मी. उद्या सकाळी फादर बघणार आहेत. रंगवून आणायची असेल तर आणा, नाहीतर आणू नका."

ते गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "लायी टाका ना रंग. कोन देखस?"

कोण बघतं? मी बघतो. सात दिवस गेले त्याचं काही नव्हतं. पण बापाची रीत माझ्या हातून चंदेरी रंगाखाली गेली असती, तर मी पुन्हा रंधा कोणत्या तोंडानं धरला असता? डब्याचं झाकण मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाण सायकलच्या कॅरिअरला बांधली, डबा हँडलला लटकवला. वाटेत गुरं पाळणाऱ्या भरवाडाकडून कडब्याची एक पेंढी घेतली. चर्चमध्ये प्लायवूडची गव्हाण चकाकत होती. मी माझी तिच्या शेजारी उतरवली. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

फादर म्हातारे, गुजराती माणूस. वाकून काठावर तळहात फिरवू लागले.

"हाथ नहीं, फादर," मी म्हणालो. "गाल लगाओ."

"मिस्त्री!" मास्तर ओरडले.

फादरनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून मास्तरांच्या हातात दिला, गुडघे टेकले आणि काठाला गाल लावला. डोळे मिटून तसेच राहिले. मग उठले आणि मास्तरांना विचारलं, "बाळक क्यां छे?"

मास्तर बाळ आणायला आत वळले. त्यांच्या दुसऱ्या हातात मी डबा दिला, जसाच्या तसा. मग पेंढी सोडली आणि बैलाला घालतात तसा कडबा गव्हाणीत भरला. जाड ताटं खाली, कवळी पानं वर.