एक पोतं कोळसा

माझं पोस्टिंग पूर्वेकडच्या एका डोंगरी चौकीवर होतं. मी लान्सनायक, ट्रेड कुक, गाव गव्हाण. आमच्या घरात मासळी आणि कोंबडी चालायची. डुकराचं मांस मी फौजेत जाईपर्यंत पाहिलंही नव्हतं. ते सळीवर भाजायला मला सिपाही लालरेमाने शिकवलं. तो मिझोरामचा. मला उस्ताद म्हणायचा, पण या कामात खरा उस्ताद तोच.

त्याची पद्धत सांगून ठेवतो, कारण हल्ली लोक फोनवर बघून भाजायला बसतात आणि चांगल्या मांसाची वाट लावतात. मांडीचा तुकडा आदल्या रात्री मीठ चोळून ठेवायचा. सळी बरोबर मधून घालायची आणि सुतळीने आवळायचं, नाहीतर फिरवताना तुकडा एका बाजूला झुकतो. निखारे दोन्ही कडांना, मध्ये चरबी पडायला ट्रे. हवा खराब असेल तर वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करायचा आणि शेगडीवरचं झाकण उघडायचं नाही. “ढक्कन खोला तो आधा घंटा गया, उस्ताद,” रेमा म्हणायचा.

त्या दिवशी एक मोठे साहेब हेलिकॉप्टरने चौकीवर येणार होते. त्यांना भाजलेलं पोर्क आवडतं, असं खालून कळवलं होतं. रात्रभर बर्फमिश्रित पाऊस झाला. नऊला मी निखारे केले, साडेनऊला मांस चढवलं. दहा मिनिटांनी आमचे कंपनी कमांडर आले.

“कोयला पूरा है?”

फौजेतला कुक नेहमी एक पोतं जास्त मागतो. रेशन असो, लाकूड असो. मागितलं तेवढं कधी मिळत नाही, म्हणून ही सवय. माझ्याकडे दोन पोती होती. दोन पुरणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी बोलून गेलो, “एक बोरी और मिल जाए तो ठीक रहेगा, सर.”

स्टोअर दीड किलोमीटर खाली होतं. कंपनी कमांडरांनी रेमाला पाठवलं. पावणेदहाला तो निघाला. जाताना पत्रा सरळ करून गेला.

साडेदहाला रेडिओ बोलला. “मौसम खराब. व्हिजिट कॅन्सल. ओव्हर.”

मी ऑपरेटरला म्हणालो, “रेमा को नीचे ही रोको.”

स्टोअरमधून उत्तर आलं, “पाँच मिनिट पहले निकल चुका. ओव्हर.”

दहा पन्नासला स्टोअरच्या वाटेवर दरड आली. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. आम्ही सात जण फावडी घेऊन उतरलो. अकरा चाळीसला तो सापडला. पोतं पाठीला बांधलेलंच होतं.

साडेबाराला त्याला घेऊन वर आलो. शेगडी तशीच होती. मी झाकण उघडलं. मांस शिजलं होतं. दुसरं पोतं अर्धं शिल्लक होतं.

कागदावर ‘ड्यूटीवर असताना मृत्यू’ असं लिहिलं गेलं. कोळशाचा उल्लेख कुठेच नव्हता. ज्या हवेत हेलिकॉप्टर उडत नाही, त्या हवेत माणूस पाठवणाऱ्याचा मला संताप येतो, आजही येतो. पण त्यांनी फक्त विचारलं होतं. मागितलं मी. हा राग कोणावर काढायचा?

आता मी पनवेलजवळ भावाच्या फार्महाऊसवर स्वयंपाक बघतो. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या एका ऑफिसची मंडळी आली होती. त्यांना सळीवरचं पोर्क हवं होतं. दुपारी बाराला मांस चढवलं आणि वारा सुटला. पाऊस आडवा यायला लागला. त्यांच्यातला एक जण छत्री घेऊन शेगडीपाशी आला आणि झाकणाला हात घातला. मी तो हात बाजूला केला.

“काका, कोळसा कमी वाटतोय. कोणाला तरी पळस्प्याला पाठवा ना. एक्स्ट्रा असलेला बरा.”

वाटेतल्या ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. माझा मेहुणा दामू लगेच रेनकोट चढवायला लागला.

“दादा, मी जातो. पूल दिसतो हाय अजून. काय नाय व्हत.”

“बस खाली.”

“आरं पन पाव्हना बोलतो हाय तर...”

“बस म्हटलं ना!”

दामू रेनकोटसकटच बसला. पाहुणा म्हणाला, “अहो, एवढं चिडताय कशाला? साधा कोळसाच मागितलाय.”

मी चिमटा शेगडीवर आपटला. “साधाच असतो तो. माणूस जाणार नाही. कच्चं राहिलं तर उपाशी राहा.”

तो तोंड वाकडं करून आत गेला. मी पत्रा वाऱ्याकडे उभा केला आणि पाठ लावून धरून ठेवला. पाठ भिजली, हात भाजला, सळी फिरवत राहिलो. त्या पाहुण्या पोराला दोन वाक्यांत समजावता आलं असतं, पण माझं डोकं फिरलं होतं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तीनला झाकण उघडलं. वरची कातडी फुगून कुरकुरीत झाली होती. मांस हाडापर्यंत शिजलं होतं. कोळसा उरला होता.

जेवताना पाहुण्याचा नूर बदलला. “काका, एक नंबर! रेसिपी कोणाची?”

“सिपाही लालरेमाची.”

“मग त्यांनाही बोलवा ना एकदा.”

“तो कोळसा आणायला गेलाय,” मी म्हणालो.

पाहुण्याला काही कळलं नाही. दामूला कळलं. त्याने अंगावरचा रेनकोट काढला आणि खुंटीला टांगला.